गुरुवारची अख्खी

मुनीरभाईंच्या सेंडऑफला एचआरच्या साहेबांनी कागदावरून भाषण वाचलं. 'शांत, मनमिळाऊ आणि कधीही कुणाला उलट न बोलणारे कर्मचारी.' कॅन्टीनमध्ये समोसा हातात धरून बसलेली आमच्या भिंगारच्या बसची माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. उलट न बोलणारे! अहो साहेब, हे भाषण दुसऱ्या कुणाच्या तरी सेंडऑफचं उरलं होतं का? ज्या माणसानं तुम्हाला गेटवर सगळ्यांसमोर थांबवून धरलं, त्याला तुम्ही शांत म्हणता? मला जो राग आला तो आलाच. मुनीरभाई मात्र शाल अंगावर घेऊन नारळ हातात फिरवत गालातल्या गालात हसत होते. बहुतेक नारळ वाजवून बघत होते, पाणी किती आहे ते.

म्हणून मीच लिहायला बसले. खरं काय ते कुठंतरी असलं पाहिजे.

मी नंदा. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे, सतरा वर्षं. आमच्याकडं प्रेस मशिनवर पत्रा ठोकून गाड्यांचे सुटे भाग काढतात. ज्या साच्यानं ठोकतात त्याला डाय म्हणतात, आणि डाय बिघडली की हाक पडायची ती मुनीरभाईंना. ते टूलरूमचे फिटर. अंगानं काटकुळे, मिशी बारीक, शर्टाच्या खिशाला कायम एक लांब स्क्रूड्रायव्हर अडकवलेला. भिंगारचे ते आणि भिंगारचीच मी. सकाळी सहाला कंपनीची बस भिंगारहून सुटते, नगरातली माणसं उचलत केडगाव, चास, कामरगाव करत पावणेसातला सुप्याच्या गेटवर लागते. सातला शिफ्ट. म्हणजे बसमध्ये पंचेचाळीस मिनिटं. या पंचेचाळीस मिनिटांवर मुनीरभाईंनी हक्क सांगितला, तोही आठवड्यातून एकदाच, आणि त्यावरूनच हे सगळं रामायण घडलं.

आधी आमच्या बसमध्ये गाण्यांवरून रोज कचाकचा भांडणं व्हायची. पुढच्या सीटवर आम्ही बायका, आम्हाला जुनी सिनेमातली गाणी हवी. मागच्या पोरांना डीजेवाली. ड्रायव्हर बापू भजनी मंडळातले, त्यांना भक्तिगीतं. एकदा चासच्या चढावर मागून कुणीतरी रागानं डबा भिरकावला तो बापूंच्या आरशाला जाऊन लागला. बापूंनी बस कडेला घेतली, किल्ली खिशात घातली आणि म्हणाले, "आधी ठरवा, मंग गाडी हलंल." तिथंच रस्त्याच्या कडेला उभं राहून वार वाटून घेतले. मुनीरभाई तोवर कधी काही मागणाऱ्यातले नव्हते. ते म्हणाले, "गुरुवार माझा. पन एक अट हाय. गुरुवारी गान्याच्या मशिनला कुनी हात लावायचा न्हाई. एकदा सुरू झालं की थेट सुप्याला बंद." आम्हाला वाटलं, कव्वाली आणतील. कव्वाली तर कव्वाली, एक दिवसाचा तर प्रश्न. सगळे हो म्हणाले.

गुरुवारी त्यांनी पेन ड्राइव्ह लावला आणि बस हादरली. ढोल काय, गिटार काय, आणि त्यावर एक गोरा माणूस जिवाच्या आकांतानं ओरडतोय. मागची पोरं आधी खूश झाली. पण पहिलंच गाणं आठ मिनिटं चाललं, मधे तीन मिनिटं कुणी तोंडच उघडेना, तेव्हा तीही बोंबलायला लागली.

"मुनीरभाई, त्याला कुनी मारतंय का?" बापू आरशातून ओरडले.

"आसंल. थांब ना, कामरगावपतूर कळंल."

माझं डोकं ठणकायला लागलं होतं. मी सरळ उठले आणि म्हणाले, "हे गाणं तरी पुढं ढकला."

"ढकलताच येत न्हाई, नंदाताई." ते अगदी गोड आवाजात बोलले. "एकच फाइल हाय. सगळी गानी एकाला एक जोडून आनलीत. अख्खी."

अख्खी. हा त्यांचा शब्द. आल्बमला ते आल्बम म्हणत नसत, अख्खी म्हणत. 'आज पुलाची अख्खी हाय', 'ती बिनदाराच्या घराची अख्खी तुमी अजून नीट ऐकली न्हाई.' बँडची नावं त्यांच्या तोंडून आम्ही जवळजवळ ऐकलीच नाहीत. कव्हरवर जे चित्र असेल तेच तिचं नाव. सुट्टं गाणं ऐकणाऱ्याचा त्यांना खराखुरा संताप यायचा. "ताटातला पापड तेवढा खाऊन उठायचं आन म्हनायचं मी जेवलो," असं ते म्हणायचे, आणि मग मागच्या पोरांकडं बघून, "पापडखाऊ सगळे." ती पोरं अजून एकमेकांना त्याच नावानं हाक मारतात.

हे वेड त्यांना लागलं ते भिंगारच्या लष्करी कॅम्पात. त्यांचे वडील ऑफिसरांच्या मेसमध्ये खानसामा होते. बदली झाली की ऑफिसर लोक सामान वाटून टाकायचे, कुणाला कपाट, कुणाला सायकल. एका ऑफिसरच्या मुलाकडं रेकॉर्डचा ढीग होता आणि मुनीरभाई, तेव्हा अठराचे, त्याच्या खिडकीखाली उभे राहून ऐकायचे. जायच्या आधी त्या मुलानं आपल्या रेकॉर्डी नव्वद मिनिटांच्या कॅसेटींवर उतरवून दिल्या. एका बाजूला एक अख्खी, दुसऱ्या बाजूला दुसरी. अकरा कॅसेटी, बावीस अख्ख्या. मुनीरभाईंचं घरदार, लग्न, मुली, सगळं या बावीसांच्या सोबतीनं झालं. पुढं त्यांनी नगरच्या माळीवाड्यातल्या एका दुकानातून त्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या, कॅसेटीच्या सूं-सूं आवाजासकट.

"इंग्रजी कळतं का तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"किचनपुरतं. मीठ, मिरी, थांब, जा."

"मग ऐकता काय?"

"प्रेसला कुठं शब्द आस्तात? तिचं बरं कळतं मला."

आणि कळायचंच. ते मशिनपाशी यायचे, चालू डायच्या अंगाला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे आणि त्याची मूठ कानाशी धरायचे. चार ठोके ऐकले की सांगायचे, "तिसऱ्या पंचाचा टवका उडालाय." डाय खोलली की भोकं पाडणाऱ्या पंचांतला तिसराच तुटका निघायचा. नव्या इंजिनियरांना हा चमत्कार वाटायचा. मुनीरभाई चिडायचे. "चमत्कार काय त्यात? तुमी सगळं एकदम ऐकता म्हनून काईच ऐकू येत न्हाई. एकेक बाजूला काढत जा."

तसंच त्यांनी मला ऐकायला शिकवलं, माझी इच्छा नसताना. माझ्या मागच्या सीटवर बसून, केडगाव सुटलं की पुढं वाकायचे. "ओरडनारा सोडा. ढोल सोडा. आता सगळ्यांच्या खाली एक जाड तारेची गिटार हाय, ती धरा. ती मोठ्यानं बोलत न्हाई, पन ती हलली की सगळी हालत्यात." दोन महिने मला काही सापडलं नाही. मी खोटंच 'हो हो' करायचे. एका गुरुवारी चासच्या पुढं ती सापडली आणि मी सीटवरच ताठ झाले. त्या आरड्याओरड्याखाली एक माणूस निवांत चालला होता, प्रत्येकाला रस्ता दाखवत. मला अक्षरशः हसू फुटलं. मागं वळून बघितलं तर मुनीरभाई खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांना कळलं होतं. त्या दिवसापासून ती जाड गिटार म्हणजे आमच्या दोघांच्या ओळखीचं माणूस झालं. "आज जाडा खुशीत हाय," असं ते बसमधून उतरताना मला सांगायचे, आणि बाकीच्यांना वाटायचं आम्ही सुपरवायझरबद्दल बोलतोय.

टोकणारे पुष्कळ होते. त्यांचे थोरले भाऊ भिंगारच्या स्टॉपवर भेटले की म्हणायचे, हे आपल्यात बसत नाही, मुनीर, वय झालं. अकाउंट्समधले एक गृहस्थ, गळ्यात ओळखपत्र घालून झोपणारे, ते म्हणायचे, हे आपलं नाहीच, ही परक्यांची थेरं. मुनीरभाई भावाकडं बघून हसायचे आणि बसमध्ये चढायचे. अकाउंट्सवाल्याला मात्र त्यांनी एकदा सुनावलं. "व्हय, आपलं न्हाई. म्हनून तर कान देऊन ऐकावं लागतं. आपलंच आसतं तर मीबी तुमच्यासारखा झोपलो आसतो."

एक गैरसमज आधीच दूर करते. म्हातारी माणसं 'आमच्या वेळचं ते खरं' म्हणून जी टेप लावतात, त्यातले मुनीरभाई नव्हते. टूलरूमला ओंकार नावाचा पुण्याचा इंजिनियर रुजू झाला, चोवीस वर्षांचा, कानात कायम इयरफोनची बोंडं. पहिल्याच गुरुवारी तो बसमध्ये मान हलवायला लागला तेव्हा मुनीरभाईंनी त्याला धरलंच. "तुझ्याकडं आत्ताचं काय हाय? अख्खी पायजे." ओंकारनं ईशान्येकडच्या चार मुलींच्या बँडची नवीकोरी अख्खी आणली, कव्हरवर उलटी छत्री. मुनीरभाईंचा नियम असा की एकच अख्खी ओळीनं तीन गुरुवार ऐकायची आणि तिसऱ्या गुरुवारपर्यंत बरं-वाईट बोलायचं नाही. पहिल्या गुरुवारी त्यांचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं होतं. दुसऱ्या गुरुवारी डोळे मिटलेले. तिसऱ्या गुरुवारी उतरताना म्हणाले, "ह्या पोरींना कुनीतरी लई दिवस गप बसवलं हुतं. आता बसनार न्हाईत." आम्ही पुढच्या सीटवरच्या बायका ती छत्रीची अख्खी नंतर मागून मागून लावून घ्यायला लागलो. असेंब्लीतली शोभा तर सासूशी भांडून आली की बसमध्ये चढतानाच म्हणायची, "मुनीरभाई, आज पोरी लावा."

आता पेट्रोल पंपाची गोष्ट. त्यांची सगळ्यात लाडकी अख्खी ती. कव्हरवर म्हणे एक ओसाड पेट्रोल पंप आणि पंपापुढं रिकामी खुर्ची. तिचं शेवटचं गाणं साधं सुरू होतं आणि चढत चढत असं जातं की वाटावं आता बसचं छप्पर उडणार. आणि बरोब्बर सगळ्यात वर, गाणारा श्वास घेऊन किंकाळी फोडतो त्याच जागी, खट. बंद. काही नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पेन ड्राइव्ह गेला.

"ही हिंमत!" मुनीरभाई दरवेळी म्हणायचे. "दुनिया गानं गोल करून संपवती. ह्यांनी तोडलं. मरायचं तर आसं, बोलता बोलता." चाळीस वर्षं त्यांनी या तोडलेल्या शेवटावर जीव टाकला होता. सुप्याचं गेट आणि ती खट एकाच वेळेला यायची, आणि आम्ही त्या तालावर उतरायचो.

ओंकारनं त्या अख्खीचा मोबाईलवर शोध घेतला. एका गुरुवारी तो काहीसा चोरट्यासारखा मुनीरभाईंच्या शेजारी बसला. "काका, एक सांगू का? ते गाणं तिथं संपत नाही."

"म्हंजे?"

"अख्खी सत्तेचाळीस मिनिटांची आहे. तुमच्या कॅसेटची बाजू पंचेचाळीसची. टेप संपली तिथं गाणं कापलं गेलं. पुढं दोन मिनिटं आहेत."

मी मागं वळून बघितलं. मुनीरभाईंचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. घरच्या माणसाबद्दल परक्यानं काहीतरी भलतंच सांगावं तसा. "त्यांनी मागनं जोडलं आसंल," ते म्हणाले. "भिऊन." ओंकार म्हणाला, "नाही काका, पहिल्यापासून आहे." त्या दिवशी मुनीरभाईंनी जेवायच्या सुट्टीत डबाही उघडला नाही.

पण नियम तो नियम. पुढच्या गुरुवारी त्यांनी स्वतःच ओंकारला सांगितलं, तुझी लाव. बसभर बातमी पसरलेली. कामरगाव गेलं, टोलनाका गेला, गाणं चढत चढत वर गेलं, ती जागा आली, आणि खट झालं नाही. किंकाळी पूर्ण झाली. मग ढोलवाला दमल्यासारखा थांबला. मग बारीक गिटारी एकेक करून गेल्या. आणि सगळे निघून गेल्यावर मागं कोण उरलं? जाडा. आमचा जाडा. एकटा, कुणाला रस्ता दाखवायचा नाही, तरी तीच चाल हळूहळू म्हणत घराकडं निघालेला. बस गेटवर उभी होती. माणसं आपापले डबे घेऊन उतरत होती. मुनीरभाई बसून होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते त्यांनी पुसलं नाही. मलाही रडू आलं. लाज कसली त्यात?

तिसऱ्या गुरुवारी त्यांनी निकाल दिला. "माझं चुकलं. चाळीस वर्सं चुकलं. आन त्या चुकीचा मला लई अभिमान हुता." मग म्हणाले, "पन आता कळलंय, तर आता कापलेलं ऐकनार न्हाई. एक मिनिट बी न्हाई."

तिथून लफडं सुरू झालं. कारण अख्खी सत्तेचाळीस मिनिटांची आणि बापूंची बस पंचेचाळीस मिनिटांची. सहाच्या आधी गाडी हलत नाही, त्यामुळं ती दोन मिनिटं गेटवरच ऐकायची. त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. त्यानंतरही शिफ्टला तेरा मिनिटं उरायची आणि रात्रपाळीची माणसं घेऊन परत जाईपर्यंत बस तिथंच उभी. पेट्रोल पंप असला की सगळे उतरायचे, मुनीरभाई, ओंकार आणि मी बसून राहायचो. बापू इंजिन बंद करून स्टीअरिंगवर हात ठेवून बसायचे, आपण ऐकत नाही असं दाखवत.

त्याच सुमारास एचआरला हे नवे साहेब आले, भाषणवाले. शिस्तीचे. रोज सकाळी स्वतः गेटवर उभे राहायचे, कोण पान खाऊन येतं, कुणाचे बूट नाहीत. एका गुरुवारी त्यांना बसमधून गाणं ऐकू आलं. ते पायरीवर चढले. "उतरा खाली. काय चाललंय हे?" मुनीरभाईंचे डोळे मिटलेले. डोळे न उघडता त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं, एवढंच. पण खाली सिक्युरिटीवाले बघत होते, पोरं बघत होती, कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब पायरीवर दोन मिनिटं तसेच उभे राहिले, कारण उतरावं तरी पंचाईत आणि आत यावं तरी पंचाईत. जाडा घरी पोचला तेव्हा मुनीरभाई उठले, म्हणाले, "नमस्कार साहेब," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सूचना चिकटली. 'कंपनीच्या बसमध्ये कोणत्याही प्रकारचे संगीत वाजवण्यास सक्त मनाई आहे.' सगळ्यांचीच गाणी गेली. बापूंची भक्तिगीतं, आमची सिनेमातली, मागच्यांचं डीजे. आठवडाभरानं चारपाच जण साहेबांना भेटायला गेले. साहेबांनी तोडगा काढला. मुनीरनं लेखी माफी मागावी आणि गुरुवार कायमचा सोडावा, बाकीचे पाच दिवस चालू करतो. वर आणखी एक होतं, ते साहेबांनी फक्त मुनीरभाईंना सांगितलं, आणि त्यांनी मला. पाच महिन्यांनी त्यांची रिटायरमेंट. टूलरूमला त्यांना दोन वर्षं ठेवून घ्यायचं आधीच्या साहेबांनी कबूल केलं होतं, आणि मुनीरभाईंना राहायचं होतं. मशिनशिवाय घरी बसायच्या कल्पनेनंच त्यांना धडकी भरायची. तो कागद नव्या साहेबांच्या टेबलावर होता. माफी आली तर त्यावर सही होणार होती.

आता बस त्यांच्यावर उलटली. तुमच्या दोन मिनिटांपायी आमचा आठवडा गेला, असं लोक तोंडावर म्हणायला लागले. बापू तर फार दुखावले होते. "मुनीरभाई, सकाळी देवाचं नाव कानावर पडायचं, तेवढंच. तेबी तुमी घालवलं."

"मी घालवलं, बापू? सूचना मी चिकटवली का?"

"सही केली की येतंय ना परत?"

"तुझं परत आनायला माझं कापू का? उद्या तुझं कापायला दुसरं कुनी येईल, तवा कुनाकडं जाशील?"

आणि मी? सांगायला लाज वाटते, पण मीही त्यातलीच निघाले. टूलरूममध्ये जाऊन म्हणाले, "मुनीरभाई, करा सही. एवढं काय ताणायचं? घरी हेडफोनवर ऐका. दोन वर्षं मिळतायत."

ते डायवर कानस मारत होते. थांबले नाहीत. "नंदाताई, ती दोन मिन्टं तुमी ऐकली ना?"

"ऐकली."

"मंग तुमीच सांगा, कुठं कापू."

मी तशीच परत आले आणि दुपारपर्यंत सगळ्यांवर उगाच खेकसत राहिले.

साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली. मग आणखी आठ. मुनीरभाई ढळले नाहीत की चिडले नाहीत. 'देतो का लिहून?' म्हटलं की 'न्हाई' एवढंच म्हणायचे, जेवण झालं का विचारल्यावर म्हणावं तसं. शेवटी साहेबांनी निरोप पाठवला, शुक्रवारी सकाळपर्यंत कागद आला नाही तर ठेवून घ्यायचा प्रश्न मिटला.

त्याच्या आदल्या दिवशी गुरुवार होता. बस भिंगारहून सुटली. तीन आठवड्यांत आम्हाला मुक्या बसची सवय झाली होती, कुणी झोपायचं, कुणी मोबाईल बघायचं. मुनीरभाई माझ्या मागं बसले. मी वळून बघितलं तर त्यांचे डोळे मिटलेले आणि बोटं पुढच्या सीटच्या दांडीवर. आवाज नाही, नुसती बोटं. पहिल्यांदा मला वाटलं काळजीनं करतायत. मग त्यांच्या अंगठ्याची चाल ओळखीची वाटली. पेट्रोल पंप होता. पहिल्या गाण्याची सुरुवात. घड्याळात बघितलं, सहा वाजून मिनिटही झालं नव्हतं.

मी पुढं तोंड केलं. फक्त ऐकायला लागले. आणि खरं सांगते, ऐकू येत होतं. केडगावला दुसरं गाणं लागलं. चासच्या चढावर तो मोठा गिटारचा तुकडा, तिथं ओंकारची मान हलली. त्यानं मुनीरभाईंकडं बघितलंही नव्हतं, चढ आला आणि त्याला तुकडा आला. मागच्या एका पापडखाऊनं सीटवर दोन थापा मारल्या, बरोबर जागेवर, आणि स्वतःच चपापला. शोभानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. इतकी वर्षं ज्याच्या नावानं खडे फोडले ते सगळं आमच्या आत जाऊन बसलं होतं. कामरगावला मागून कुणीतरी बारीक गुणगुणलं. कुणी हसलं नाही. बापूंनी आरशातून मुनीरभाईंच्या बोटांकडं बघितलं, मग रस्त्याकडं. टोलनाक्यापाशी शेवटचं गाणं चढायला लागलं.

बस गेटवर लागली तेव्हा दोन मिनिटं आणि वर काही सेकंद उरले होते. साहेब उभे होते. दोघे-तिघे उठले, कुरकुरत उतरले, त्यांचं बरोबरच होतं. बाकीची माणसं जागची हलली नाहीत. मीही हलले नाही. साहेब दाराशी आले आणि वाट बघत उभे राहिले, मग पायरीवर चढले.

"उतरत का नाही कुणी? बापू, काय झालं?"

बापूंनी इंजिन बंद केलं. "संपू द्या, साहेब."

"काय संपू द्या? काही वाजत नाहीये."

बापूंनी हात स्टीअरिंगवर ठेवले. साहेबांनी आमच्या तोंडांवरून नजर फिरवली. तीस-पस्तीस माणसं डबे मांडीवर घेऊन समोर बघत बसलेली. ढोल थांबले होते. गिटारी गेल्या होत्या. मुनीरभाईंचा फक्त अंगठा हलत होता, हळू, आणखी हळू, आणि मग तोही थांबला.

त्यांनी डोळे उघडले. डबा घेतला, स्क्रूड्रायव्हर खिशाला नीट केला आणि दाराशी आले. साहेब अजून पायरीवर, वाट अडवून.

"मुनीर, उद्या शेवटचा दिवस आहे. लिहून देणार आहेस की नाही?"

मुनीरभाईंनी मागं वळून आम्हा सगळ्यांकडं एकदा बघितलं. मग साहेबांच्या खांद्याला अलगद हात लावून त्यांना बाजूला केलं, पोराला करावं तसं.

"काय लिहून देऊ, साहेब? आता तर सगळ्यांना पाठ हाय."

आणि ते उतरून टूलरूमकडं चालायला लागले. बापू सीटवरून उठले, त्यांच्या मागं मागची पोरं, मग शोभा, मग मी, आणि साहेबांना बाजूला सरकून उभं राहावं लागलं, आम्ही सगळे खाली उतरेपर्यंत.